पंप पाणी ओढत नाही

मोटार घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती एचपीची देऊ?" उत्तरही बहुधा ठरलेलंच. शेजारच्या मळ्यात पाचची आहे, मग आपण साडेसातची घेऊ. थोडी जास्तच बरी. विहीर किती खोल आहे, उन्हाळ्यात पाणी कुठे जातं, मळा विहिरीपासून किती चढावर आहे, पाइप किती इंची आणि किती लांब, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. पंप येतो, बसतो, पाणीही पडतं. मग काही महिन्यांनी पंपाच्या पोटात खडी दळली जात असल्यासारखा आवाज येऊ लागतो. धार बारीक होते, बिल वाढतं आणि ऐन हंगामात मोटार जळते. दोष कधी कंपनीला दिला जातो, कधी लाइटला.

हॉर्सपॉवर हा पंपाच्या हिशेबातला शेवटचा आकडा आहे. आपण सुरुवातच त्याच्यापासून करतो आणि तिथेच फसतो. त्याच्या आधी आपल्या विहिरीचे, जमिनीचे आणि पाइपाचे आकडे मांडावे लागतात. ते मांडायला कुणा इंजिनिअरची गरज नाही. दोरी, बॅरल, घड्याळ आणि गवंड्याची पाण्याची नळी एवढ्यावर भागतं. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी : पंप पाणी ओढत नाही. पाणी पंपापर्यंत हवा पोचवते.

दहा मीटरची हद्द

आपल्याकडे विहिरीवर मोट होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. धावेवरून बैल उतरत, चामड्याची मोट भरून वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. मोट पाणी खरोखर उचलत असे. दोर लांब केला आणि बैल दमदार असले की विहीर कितीही खोल चाले.

पंपाचं तसं नाही. पंपातलं चाक, म्हणजे इम्पेलर, फिरू लागलं की त्याच्या मध्यभागी असलेलं पाणी कडेला फेकलं जातं आणि मध्यावर दाब कमी होतो. बाहेर विहिरीतल्या पाण्यावर मात्र हवेचा पूर्ण दाब असतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे पाणी ढकललं जातं आणि सक्शन पाइपातून वर चढतं. पंपाचं काम फक्त जागा मोकळी करून देण्याचं; ढकलण्याचं काम हवेचं. हवा जेवढी ढकलेल, त्यापुढे पंप काहीही करू शकत नाही. पाच एचपीची मोटार असो की पन्नासची, ही हद्द बदलत नाही.

ही हद्द युरोपातल्या कारागिरांना सतराव्या शतकातच जाणवली होती. ओढणारा पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढवत नाही, या अनुभवाची नोंद गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात केली. कारण मात्र त्याला नीट सापडलं नाही. ते सापडलं त्याच्याच सहवासात आलेल्या टोरिचेल्लीला. त्याने पाण्याऐवजी साडेतेरा पट जड असलेला पारा घेतला. एका बाजूने बंद असलेल्या काचेच्या नळीत पाऱ्याचा स्तंभ सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. हवेचं वजन तेवढाच पारा तोलून धरू शकतं; पाणी घेतलं तर १०.३ मीटर. पुढे १६४८ साली पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याने फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरला. उंचावर हवा विरळ, म्हणून तिचा दाबही कमी.

हा शेवटचा प्रयोग दख्खनच्या पठारावरच्या माणसाने विसरता कामा नये. १०.३ मीटर हा आकडा समुद्रकाठचा आहे, रत्नागिरीचा किंवा पणजीचा. नाशिकच्या आसपास, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर, हवा जेमतेम ९.६ मीटर पाणी तोलते. महाबळेश्वरला तर सुमारे पावणेनऊ मीटर. तोच पंप कोकणात चालतो आणि घाट चढून आल्यावर कुरकुरतो, याचं एक कारण हे आहे.

गार पाण्याला उकळी

९.६ मीटर हवेने दिले म्हणून ९.६ मीटर खोलीवरचं पाणी पंपापर्यंत येईल, असं मात्र नाही. मध्येच पाणी उकळतं.

पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण शाळेत शिकतो. पण ते हवेच्या नेहमीच्या दाबाखाली. दाब कमी केला की उकळी लवकर फुटते. ३० अंशांचं, हाताला गार लागणारं पाणीसुद्धा हवेच्या दाबाच्या चोविसाव्या हिश्श्यापर्यंत दाब उतरला की उकळू लागतं. इम्पेलरच्या तोंडाशी, जिथे पाणी पात्यांमध्ये शिरतं, तिथे दाब सगळ्यात कमी असतो. तो या पातळीखाली गेला की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

बुडबुडे तयार होण्याने फारसं बिघडत नाही. ते फुटतात तेव्हा घात होतो. पाण्याबरोबर वाहत ते पात्यावर पुढे सरकतात, तिथे दाब वाढलेला असतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात वाफेचं पुन्हा पाणी होतं. मोकळ्या झालेल्या जागेत आजूबाजूचं पाणी चारी बाजूंनी धावतं. बुडबुडा धातूला चिकटून असेल तर ते एका बाजूने जास्त वेगाने घुसतं आणि सुईएवढी बारीक धार थेट धातूवर आदळते. त्या ठिकाणी क्षणभर निर्माण होणारा दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१७ साली फुटणाऱ्या बुडबुड्याचं गणित मांडलं, तेही जहाजांच्या पंख्यांना पडणाऱ्या खड्ड्यांचं कोडं उलगडण्यासाठी. त्याआधी चार्ल्स पार्सन्सला त्याच्या टर्बिनिया या वाफेच्या नौकेने हाच धडा दिला होता. १८९४ साली तिला एकच पंखा होता. इंजिन दमदार असूनही ती २० नॉटच्या पुढे जाईना. पंखा पाण्यात फिरत होता की वाफेच्या पोकळीत, हे पाहायला पार्सन्सने लहानसं उपकरण बनवलं आणि मग एका पंख्याचं काम तीन दांड्यांवरच्या नऊ पंख्यांत वाटून दिलं. १८९७ साली तीच नौका ३४ नॉटने धावली. इंजिनाची ताकद कामी यायची तर पाण्याला फाटू देता कामा नये, हे त्यातून पक्कं झालं.

आपल्या पंपातही तेच घडतं. कॅव्हिटेशनने खाल्लेला इम्पेलर एकदा हातात घेऊन पाहावा. बाहेरचा घेर बहुधा गुळगुळीत असतो. पात्यांच्या आतल्या टोकाशी, पाणी शिरण्याच्या जागेजवळ, बिडाला लहान लहान खड्डे पडलेले असतात. बोट फिरवलं तर त्वचेला टोचतात. गंजाने खाल्लेलं बीड सगळीकडे सारखं सोललं जातं, त्याचा पापुद्रा निघतो. हे खड्डे मात्र एकाच पट्ट्यात दाटीने असतात, त्यांच्या कडा धारदार असतात आणि काही आरपार गेलेले असतात. जागा पाहिली की आजार कळतो.

आवाजावरूनही तो ओळखता येतो. डिलिव्हरीचा कॉक हळूहळू थोडा आवळावा. पाणी कमी झालं आणि त्याबरोबर खडखड शमली, तर बहुतेक करून कॅव्हिटेशन आहे. पंप हवा धरत असेल, म्हणजे सक्शनच्या जोडातून किंवा ग्लँडमधून बाहेरची हवा आत शिरत असेल, तर लक्षणं वेगळी असतात : पाणी गचके देत, फेसाळ, दुधाळ पडतं. कॅव्हिटेशनमध्ये वाफेचं पंपातच पाणी झालेलं असल्याने बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसतं. हा फरक ओळखला नाही की ग्लँडची दोरी बदलण्यात आणि जोडांना सोल्युशन लावण्यात हंगाम निघून जातो.

सक्शनचा ताळेबंद

हवेने दिलेल्या ९.६ मीटरमधून काय काय खर्च होतं ते पाहू. पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतची उंची हा पहिला खर्च. फूट व्हॉल्व्ह, बेंड आणि सक्शन पाइप यांतलं घर्षण हा दुसरा, साधारण अर्धा मीटर. पाणी उकळू नये म्हणून राखून ठेवायचा दाब हा तिसरा. ३० अंशांना ०.४ मीटर. उरलं ते पंपाच्या तोंडाशी उपलब्ध असलेलं बळ. पंपवाल्यांच्या भाषेत त्याला 'एनपीएसएच' म्हणतात. प्रत्येक पंपाला आपली किमान गरज असते आणि ती कंपनीच्या तक्त्यात दिलेली असते. समजा ती ३ मीटर आहे.

दिवाळीच्या सुमाराला विहिरीचं पाणी पंपापासून ४ मीटर खाली असेल, तर ९.६ मधून ४, अर्धा आणि ०.४ वजा जाऊन ४.७ मीटर उरतात. गरज ३ ची. पंप सुखाने चालतो. पौष-माघात पाणी ६ मीटरवर गेलं की उरतात २.७. आता गरज भागत नाही आणि खडखड सुरू होते. म्हणजे मोटार बिघडलेली नसते. पाणी खाली गेलेलं असतं.

इथे आणखी एक बारकावा आहे. तक्त्यातली गरज ठरवताना पंपाचा दाब ३ टक्क्यांनी घसरेपर्यंत थांबलेले असतात. म्हणजे त्या आकड्याला कॅव्हिटेशन आधीच सुरू झालेलं असतं. म्हणून गरजेपेक्षा निदान अर्धा-पाऊण मीटर जास्त हाताशी ठेवावं. हे सगळं धरलं तर पठारावर अशा पंपाने पाच मीटर, म्हणजे सोळा फुटांच्या पलीकडून पाणी घेऊ नये. पुस्तकातले ३४ फूट आणि शेतातले १६ फूट यांतलं अंतर या ताळेबंदात आहे.

पातळी खाली गेली तर खात्रीचा उपाय एकच : पंप पाण्याजवळ न्यायचा. म्हणून तर मोनोब्लॉक विहिरीत कडेच्या ओट्यावर किंवा लोखंडी अँगलवर उतरवतात. पण पावसाळ्यात एका रात्रीत झरे फुटले की तो बुडतो. तो वर-खाली करण्याची सोय नसेल तर विहिरीच्या तळाशी उभा किंवा आडवा राहणारा ओपनवेल सबमर्सिबल बरा. तो पाण्यातच असल्याने हवेच्या दाबावर वरच्या पाण्याचा दाब भर घालतो. नदीकाठच्या जॅकवेलमध्ये हाच विचार मोठ्या प्रमाणावर दिसतो. मोटारी पुराच्या रेषेच्या वर, इम्पेलर खोल पाण्यात, आणि दोघांना जोडणारा लांब उभा दांडा. मोटार कोरडी राहते आणि इम्पेलरला पाण्याची उणीव भासत नाही.

पंप हलवणं शक्य नसेल तरी दुसरा खर्च आपल्या हातात असतो. सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा घ्यावा, शक्य तितका आखूड ठेवावा आणि पंपाच्या तोंडाला लगेच एल्बो लावू नये. पाणी सरळ शिरू द्यावं. पाइप पंपाकडे सतत चढता असावा. मध्ये कुठे उंचवटा राहिला तर तिथे हवा साठते. फूट व्हॉल्व्हची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी वर काढून पाहावी. शेवाळ, पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या चिंध्यांनी अर्धी बुजलेली जाळी एक मीटर सहज खाते, आणि वरच्या हिशेबात एक मीटर म्हणजे चालणं आणि खडखडणं यांतलं अंतर. पाणी कमी करायचं असेल तर कॉक डिलिव्हरीलाच आवळावा. सक्शनच्या बाजूला कधीही नाही.

गरम पाण्याला हा ताळेबंद आणखी कडक होतो. ८० अंशांना पाणी उकळू न देण्यासाठी ०.४ च्या जागी जवळजवळ ५ मीटर राखून ठेवावे लागतात. बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपांचं पाणी याहूनही तापलेलं असतं. म्हणून कारखान्यांत त्या पाण्याची टाकी पंपापेक्षा कितीतरी मीटर उंचावर बसवतात. तिथे पाणी वर चढून येत नाही, वरून पंपात उतरतं.

आधी पाणी, मग हेड, मग एचपी

आता निवडीकडे येऊ. उदाहरण म्हणून पठारावरचा चार एकरांचा मळा घेऊ, ठिबकवरचा. उन्हाळ्यात पिकाला दिवसाला ६ मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,०५० लिटर. चार एकरांना ६ मिलिमीटर म्हणजे ९७ हजार लिटर. गळती-घट धरून १ लाख ८ हजार. शेतीला लाइट आठ तास मिळत असली तरी मधले खंड धरून सहा तासच हिशेबात घ्यावेत. तासाला १८ हजार लिटर, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. हा पहिला आकडा. आपला सध्याचा पंप किती देतो हे पाहायचं असेल तर दोनशे लिटरचा बॅरल धारेखाली धरावा. चाळीस सेकंदांत भरला तर ५ लिटर.

पण विहीर एवढं देईल का? तिचा व्यास ६ मीटर असेल तर एक मीटर उंचीत साधारण २८ हजार लिटर मावतात. उन्हाळ्यात पाणी उपसून पंप बंद करावा, दोरीला दगड बांधून पातळी मोजावी आणि एका तासाने पुन्हा मोजावी. ३० सेंटिमीटर वाढली तर झऱ्याचं पाणी तासाला साडेआठ हजार लिटर. सहा तासांत झरे ५१ हजार देतील. उरलेले ५७ हजार साठ्यातून जातील आणि पातळी दोन मीटर उतरेल. रात्रीतून ती भरूनही निघेल. विहीर हा भार सोसते. झरे याच्या निम्मे असते तर विहिरीला दिवसभरात जेमतेम तेवढंच पाणी आलं असतं. मग कोरड्या वर्षी पिकाचं क्षेत्र कमी करावं लागतं. मोटार मोठी करून झरे वाढत नाहीत.

आता हेड, म्हणजे चढ, दाब आणि घर्षण मिळून पंपाला पेलावी लागणारी एकूण उंची. एप्रिलमध्ये पाणी जमिनीपासून ११ मीटर खाली, उपसताना आणखी २. मळ्याचा वरचा बांध विहिरीच्या तोंडापासून १२ मीटर उंच. एकूण चढ २५ मीटर. हा चढ नजरेने ठरवू नये. गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन पायऱ्या-पायऱ्यांनी उंची मोजतो, तशी मोजावी. उतारावर नजर हमखास चुकते. ठिबकला आणि फिल्टरला लागणारा दाब मिळून १५ मीटर. व्हॉल्व्ह आणि बेंडचे २. राहिलं पाइपातलं घर्षण, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो.

विहिरीपासून मळा ३५० मीटर आहे. सेकंदाला ५ लिटर पाणी ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून न्यायचं तर घर्षणात साधारण २० मीटर जातात. ७५ मिलिमीटरच्या पाइपात ९. ९० मिलिमीटरच्या पाइपात साडेतीन. पाइप थोडा अरुंद झाला की घर्षण कितीतरी पटींनी वाढतं, कारण ते व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतं. एकूण हेड अनुक्रमे ६२, ५१ आणि साडेपंचेचाळीस मीटर.

आता एचपी. सेकंदाचे लिटर गुणिले हेड, भागिले ७५, आणि त्याला पंपाच्या कार्यक्षमतेने भागायचं. लहान शेतीपंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर ६३ च्या पाइपाला साडेसात एचपी लागतात, ७५ च्या पाइपाला सव्वासहा आणि ९० च्या पाइपाला साडेपाच. विहीर, पीक आणि मळा तेच. फरक फक्त पाइपाचा, आणि दोन एचपी गेले. मोटारीतली घट धरून सहा तासांत ते रोजचे सुमारे ११ युनिट होतात. पाइपाला जास्त दिलेले पैसे एकदाच जातात. अरुंद पाइपाचा दंड रोज भरावा लागतो, आपल्याला नाही तर सरकारी तिजोरीला.

मोठ्या मोटारीचा तोटा

'थोडी जास्तच बरी' या समजुतीचं आता काय होतं ते पाहू. कुठलाही सेंट्रिफ्यूगल पंप एका ठरावीक हेडला आणि ठरावीक पाण्याला सगळ्यात चांगलं काम देतो. पंपाच्या पाटीवर एचपी आणि किलोवॅटबरोबर हेड आणि डिस्चार्ज, म्हणजे पंप किती पाणी देतो, हेही लिहिलेलं असतं. ती पाटी वाचायची सवय लावून घ्यावी; दुकानात आपल्याला हवा असलेला आकडा तिथे असतो. हेड वाढलं की पाणी कमी, हेड कमी झालं की पाणी जास्त, असा हा संबंध आहे.

६० मीटर हेडचा पंप २५ मीटरच्या कामाला लावला तर त्याला अडवणारं काही उरत नाही. तो नेमून दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी फेकू लागतो. पाहणाऱ्याला भरघोस धार दिसते आणि आनंद होतो. पण पाणी वाढलं की पंपाची सक्शनची गरज वाढते, त्याच वेळी सक्शन पाइपातलं घर्षणही वाढतं. गरज वर आणि उपलब्धता खाली. कॅव्हिटेशन सुरू होतं. जोडीला मोटारीवरचा भार वाढतो, करंट चढतो, आणि व्होल्टेज आधीच कमी असेल तर वायंडिंग जळतं. ज्या मोटारीला आपण 'ताकदवान' म्हणून आणलं, तीच ताकदीपायी जाते. मोठा पंप विहिरीचं पाणीही लवकर उतरवतो, आणि पातळी उतरली की सक्शनचा ताळेबंद पुन्हा तोट्यात जातो.

उलट बाजूही आहे. हेडला अपुरा पंप फिरत राहतो, पाणी आतल्या आत घुसळतं, तापतं आणि शेवटच्या लॅटरलपर्यंत दाब पोचत नाही. योग्य पंप तोच, जो आपल्या नेहमीच्या हेडला आपल्या सगळ्यात चांगल्या कार्यक्षमतेजवळ चालतो.

सौरपंपाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंपाची क्षमता जमिनीवर ठरते : अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. क्षेत्रावरून पाण्याची गरज कळते, पण हेड कळत नाही. शिवाय सौरपंपाचा वेग उन्हाबरोबर बदलतो आणि हेड वेगाच्या वर्गाने बदलतं. डिलिव्हरी बंद असताना ५० मीटर हेड देणारा पंप ८० टक्के वेगाने ३२ मीटर देतो आणि ७० टक्के वेगाने साडेचोवीस. मळ्याचा चढ २५ मीटर असेल तर सकाळी पंप फिरताना दिसतो, पण वर थेंबही येत नाही. त्यामुळे त्याच एचपीत कमी पाणी पण जास्त हेड देणारा पंप मिळतो का, हे अर्ज भरतानाच विचारून घ्यावं.

दुकानात जाण्यापूर्वी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला आणि १९२०च्या दशकात तिथे सेंट्रिफ्यूगल पंप बनू लागले. शंभर वर्षांत पंप आपल्या गावागावांत पोचला. आज महाराष्ट्रात शेतीच्या वीजजोडण्या चाळीस लाखांच्या वर आहेत. पंप एवढा ओळखीचा झाला, पण तो निवडायचा कसा हे ज्ञान त्याच्यासोबत पोचलं नाही. विक्रेत्याने ते द्यावं अशी अपेक्षा चूक नाही. पण आपली विहीर त्याने पाहिलेली नसते. ती आपणच मोजायला हवी.

म्हणून दुकानात जाताना कागदावर हे लिहून न्यावं : सेकंदाला किती लिटर पाणी हवं, उन्हाळ्यातली सगळ्यात खालची पातळी आणि पावसाळ्यातली सगळ्यात वरची, पंपापासून पाण्यापर्यंतची उंची, विहिरीपासून मळ्याच्या सर्वांत उंच जागेपर्यंतचा चढ, पाइपाची लांबी आणि व्यास, ठिबक किंवा तुषार असेल तर त्याला लागणारा दाब, आणि गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची. विक्रेत्याला तक्ता उघडायला लावावा आणि आपल्या हेडला, आपल्या पाण्याला कोणता पंप चांगल्या कार्यक्षमतेत बसतो, त्याला सक्शनला किती मीटर लागतात, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळालं नाही तर दुसरं दुकान पाहावं.

हे आकडे काढायला एक सकाळ पुरते. त्या एका सकाळीमुळे पंधरा-वीस वर्षं चालणारा पंप मिळतो, रोजचे युनिट वाचतात आणि एप्रिलमध्ये पीक उभं असताना मोटार रिवाइंडिंगला न्यावी लागत नाही. एचपीचा आकडा या कागदाच्या तळाशी आपोआप येतो, आणि तो बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या आकड्याशी जुळत नाही. जुळायचं कारणही नाही; त्याची विहीर वेगळी आहे.